प्रश्न वाचकांचे: गुण, श्रेणी, शेरे आणि चाचण्या

पहिल्या सत्राचे निकाल हाती पडले की मूल्यमापनावरच्या पत्रांचा ओघ सुरू होतो. यंदा आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून इथे दिले आहेत. उत्तरे आमच्या शिक्षण विभागाची.

प्रश्न : माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे, पट ३४. आकारिक मूल्यमापनाच्या (मूल शिकत असतानाच केलेल्या मूल्यमापनाच्या) नोंदी लिहिण्यातच सत्राचा शेवटचा आठवडा जातो. तयार नोंदींची पीडीएफ सगळेच वापरतात. त्यात चूक काय? आणि नसेल वापरायची, तर इतक्या मुलांच्या नोंदी करायच्या तरी कशा? (एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, सातारा जिल्हा)

आधी मुळाकडे जाऊ. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात तिसरी-चौथीला प्रत्येक सत्रात आकारिकचा भार ६० टक्के आणि संकलितचा, म्हणजे सत्रअखेरच्या परीक्षेचा, ४०. पहिली-दुसरीला तो ७० आणि ३०, पाचवी-सहावीला निम्मा-निम्मा, सातवी-आठवीला ४० आणि ६०. मूल जितके लहान तितका भर रोजच्या निरीक्षणावर, असा त्यामागचा हिशोब. आकारिकची साधनतंत्रे आठ: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी (हिच्यात पुस्तकासह चाचणीही आली), स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन यांसारखी इतर.

आता पीडीएफ. 'वाचन स्पष्ट व समजपूर्वक करतो' हे वाक्य ३४ पैकी २० मुलांसमोर लिहिले, तर वीसही मुलांबद्दल काहीच कळत नाही. आकारिक नोंदीचा उपयोग एकच: उद्या या मुलासोबत मी काय वेगळे करणार, हे ठरवणे. सत्राच्या शेवटी एकदम भरलेली नोंद त्या कामाची राहत नाही, मग ती पीडीएफमधून उतरवलेली असो की स्वतःच्या शब्दांत लिहिलेली. अडचण वेळेची आहे हे मान्य. पण तो वेळ शेवटच्या आठवड्यातून काढून रोजच्या कामात पसरता येतो.

रोज सगळ्या ३४ मुलांकडे पाहू नका. हजेरीपटाच्या क्रमाने रोज फक्त सहा मुले ठरवा, म्हणजे सहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. त्या दिवशी त्या सहांकडे एका विषयापुरते, एकाच अध्ययन निष्पत्तीपुरते (मुलाला काय यायला हवे, त्यातल्या एका गोष्टीपुरते) बारकाईने पाहायचे. वहीचे एक पान एका मुलाला द्या. तारीख, काय केले आणि पुढे काय करायचे, एवढे तीनच रकाने पुरेत. नोंद अशी दिसेल: 'परिच्छेद वाचताना जोडाक्षरापाशी थांबते, 'प्रश्न' ऐवजी 'परशन' वाचते. रफारयुक्त शब्द नीट वाचते. र-काराच्या शब्दपट्ट्या द्यायच्या.' दोन ओळी, दीड मिनिट. या नोंदीवरून उद्याचे काम ठरते. सत्रअखेरच्या 'विशेष प्रगती', 'आवड, छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' या रकान्यांतली वाक्येही इथूनच उचलता येतात, नव्याने सुचवावी लागत नाहीत.

नेहमी फसते ते इथे. पहिले, फक्त उणिवा लिहिल्या जातात. जोडाक्षर अडले हे लिहिताना रफार जमतो हेही लिहिलेच पाहिजे, कारण पुढचे काम जमणाऱ्या गोष्टीवर उभे राहते. दुसरे, शांत बसणारी मुले सुटतात. हात वर करणारी सात-आठ मुले वहीत पुन्हा पुन्हा येतात आणि मागच्या बाकावरच्या मुलीचे पान कोरे राहते. हजेरीचा क्रम त्यासाठीच. तिसरे, वर्तन आणि शिकणे यांची सरमिसळ होते. 'खोडकर आहे, लक्ष देत नाही' ही भागाकाराबद्दलची नोंद नव्हे.

प्रश्न : वही तपासताना शेरा द्यावा की गुण? पालकांना गुण हवे असतात. (खाजगी प्राथमिक शाळा, नागपूर)

रोजच्या वहीत शेरा, आणि तोही एकटा. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांचे तीन गट होते: एकाला फक्त गुण, एकाला फक्त शेरे, तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात सरस ठरला तो फक्त शेरे मिळालेला गट. दोन्ही मिळालेल्या गटाला शेऱ्यांचा म्हणावा तसा फायदा झाला नाही. मूल आधी आकडा पाहते, मग शेजाऱ्याचा आकडा पाहते आणि वही मिटते.

मात्र 'छान', 'सुवाच्य लिही', 'अभ्यास वाढव' हे शेरे गुणांइतकेच मुके असतात. 'तिसऱ्या गणितात हातचा लिहिलास पण मिळवला नाहीस, पुन्हा करून दाखव' हा शेरा. आणि तो वाचून दुरुस्ती करायला दुसऱ्या दिवशी तासाची पहिली पाच मिनिटे द्या. ती दिली नाहीत तर शेरा लिहिण्याचे श्रम पाण्यात गेले.

प्रश्न : माझ्या मुलाला गणितात 'ब-१' मिळाली. भाचीला दुसऱ्या शाळेत ७९ गुण. कोण पुढे? आणि थेट गुण का देत नाहीत? (एक पालक, पुणे)

ब-१ म्हणजे ७१ ते ८० टक्के. तेव्हा तुमचा मुलगा ७१ वर असेल किंवा ८० वर. भाचीचे ७९ टक्केवारीतले असतील तर तेही ब-१ च. पूर्ण उतरंड अशी: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, मग ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि २० किंवा त्याखाली इ-२. इ श्रेणीतल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन किमान ड पर्यंत आणणे ही शाळेची जबाबदारी. प्रगतिपुस्तकात इ दिसली तर शाळेला विचारायचा पहिला प्रश्न तोच: जादा तास कधी, आणि नेमका कशावर?

श्रेणी देण्याचे कारण साधे आहे. शाळेने काढलेल्या चाळीस गुणांच्या पेपरात एक-दोन गुणांचा फरक बहुतेकदा मुलांमधला नसतो. तपासणाऱ्याचा हात, एखादा नीट न मांडलेला प्रश्न, त्या दिवशीची सर्दी, यातूनही तो पडतो. तोटाही आहे: ८० आणि ८१ मध्ये एकाच गुणाचे अंतर, पण श्रेणी बदलते. म्हणून दोन शाळांमधल्या मुलांची तुलना श्रेणीवरून करू नये आणि गुणांवरूनही नाही. दोन्हीकडे पेपर वेगळा. त्यापेक्षा मुलाच्या दोन्ही सत्रांच्या उत्तरपत्रिका समोर ठेवून शिक्षकांना भेटलात तर जास्त कळेल.

प्रश्न : वजाबाकी अनेकदा शिकवूनही पाचवीतली काही मुले चुकतातच. चाचणी घेतली की १० पैकी ३, ४ असे गुण येतात. पुढे काय करायचे कळत नाही. (एक शिक्षक, आश्रमशाळा, नाशिक जिल्हा)

तुमची चाचणी किती चुकले ते सांगते, काय चुकते ते सांगत नाही. त्यासाठी लागते ती निदान चाचणी. तिचे गुण द्यायचे नाहीत आणि बेरीजही करायची नाही. पाहायची ती फक्त चुकीची उत्तरे.

५०३ − २७८ हे एकच उदाहरण घ्या. बरोबर उत्तर २२५. आता चुकीची उत्तरे वाचा. ३७५ लिहिणारे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. वर कोणता आणि खाली कोणता, हे त्याच्या लेखी महत्त्वाचे नाही. ३२५ लिहिणाऱ्याने शून्याचे नऊ केले, पण शतकातला एक कमी करायचा राहिला. १३५ लिहिणाऱ्याने शतकातला एक उचलून थेट एककाला दहा म्हणून दिला आणि दशकासाठी पुन्हा शतकाकडेच गेला. या तिघांनाही तुमच्या चाचणीत शून्यच गुण, पण तिघांचा उपाय वेगळा. पहिल्याला दशक-एककाच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात हवी. दुसऱ्याला पद्धत येते, फक्त शतक सोडवून दहा दशके होतात, त्यातले एक सोडवून नऊ उरतात, ही साखळी नोटांवर दाखवायची: शंभराची एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून एकाची दहा नाणी. तिसऱ्याला शंभर सुटले की आधी दहा होतात, एकक नव्हे, हे हाताने करून पाहावे लागेल.

चाचणी बारा उदाहरणांची काढा. तीन बिनहातच्याची, तीन फक्त एककाला हातचा लागणारी, तीन दोन्हीकडे हातचा लागणारी आणि तीन मध्ये शून्य असलेली. एकाच प्रकारची तीन का? एकदा चुकले तर ती धांदल असू शकते; तिन्हीत तीच चूक असेल तर ती समजूत आहे. उत्तरपत्रिका मुलांच्या नावाने न लावता चुकीच्या प्रकाराने लावा, चार-पाच ढीग होतील. प्रत्येक ढिगाला आठवड्यातले दोन वीस मिनिटांचे गट द्या आणि पंधरा दिवसांनी तीच चाचणी आकडे बदलून घ्या. एखादे उत्तर कशातच बसत नसेल तर त्या मुलाला जवळ बसवून उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला सांगा. 'कसं केलंस?' एवढेच विचारायचे, मध्ये दुरुस्त करायचे नाही. अशा वेळी गप्प राहणे आपल्या पेशातल्या माणसाला जड जाते, पण ते करावे.

प्रश्न : सहावीच्या गणितात घटक चाचणीत चांगले गुण घेणारी मुले सत्र परीक्षेत कोसळतात. प्रश्नपत्रिका अवघड झाली की मुलांनीच अभ्यास केला नाही, हे ओळखायचे कसे? (एक शिक्षक, माध्यमिक विद्यालय, कोल्हापूर)

दोन्ही शक्यता आहेत आणि दोन्ही तपासता येतात.

घटक चाचणी धडा संपल्याच्या आठवड्यात होते. त्या दिवशी मुलाला माहीत असते की सगळी गणिते अपूर्णांकांच्या गुणाकाराचीच आहेत. सत्र परीक्षेत कोणती रीत लावायची हे त्याला स्वतःच ओळखायचे असते, आणि हे त्याने वर्गात कधी केलेलेच नसते. प्रत्येक घटक चाचणीतले चौथाई गुण मागच्या घटकांवर ठेवा. सुरुवातीला गुण घसरतील, पालक विचारतील. सत्रअखेर फरक दिसेल.

आता प्रश्नपत्रिका. लेखी ४० गुणांची असेल तर आधी संविधान तक्ता करा, म्हणजे कोणत्या घटकाला आणि उद्दिष्टाला किती गुण याचा आराखडा. तो बी.एड.च्या फाइलीत अडकून पडला आहे, पण कामाचा आहे. घटकांचा भारांश (गुणांतला वाटा) तासिकांवरून काढा: सत्रात ६० तासिका झाल्या आणि अपूर्णांकांना १२ लागल्या, तर त्यांना ८ गुण. उद्दिष्टांचा भारांश समजा ज्ञान ८, आकलन १४, उपयोजन १२, कौशल्य ६. मग प्रत्येक प्रश्न तक्त्यातल्या एका चौकटीत बसवा. तक्ता न करता काढलेल्या पेपरात बहुधा दोन गोष्टी सापडतात: शेवटी शिकवलेल्या धड्याला अवाजवी गुण, आणि उपयोजनाच्या नावाखाली पुस्तकातलेच गणित आकडे बदलून. पेपर काढून झाला की स्वतः घड्याळ लावून पूर्ण सोडवा. मुलांना त्याच्या अडीच-तीनपट वेळ लागेल असे धरा.

परीक्षेनंतर प्रश्नांची परीक्षा. ४० उत्तरपत्रिका एकूण गुणांनुसार लावा. वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के, म्हणजे प्रत्येकी ११ बाजूला काढा. प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांनी बरोबर सोडवला ते मोजा. समजा वरच्यांत ९, खालच्यांत ३. बेरीज १२ भागिले २२, म्हणजे ०.५५ हा काठिण्य निर्देशांक. (नाव काठिण्याचे असले तरी आकडा वाढला की प्रश्न सोपा.) वजाबाकी ६ भागिले ११, म्हणजे ०.५५ हाच योगायोगाने भेददर्शक निर्देशांक. (वरच्या आणि खालच्या गटांत प्रश्न किती फरक दाखवतो ते हा सांगतो.) हा प्रश्न ठेवण्याजोगा. दुसऱ्या प्रश्नात वरच्यांत ४ आणि खालच्यांत ६ असतील तर भेददर्शक उणे येतो. तिथे मुलांना दोष देण्याआधी उत्तरसूची तपासा. बहुधा तीच चुकलेली असते किंवा प्रश्नाचे दोन अर्थ निघतात. भेददर्शक ०.२ च्या खाली गेला तर प्रश्न पुन्हा लिहावा लागतो. सगळेच प्रश्न ०.३ पेक्षा कमी काठिण्य निर्देशांकाचे निघाले, तर पेपर अवघड होता असे म्हणायला आधार मिळाला.

बहुपर्यायी प्रश्नाबद्दल एक. 'सर्वांत मोठी संख्या कोणती?' याला ०.३, ०.२५, ०.१२५, ०.०९ हे पर्याय दिले, तर 'दशांश चिन्हानंतर अंक कमी तितकी संख्या मोठी' असा गैरसमज असलेले मूल ०.३ निवडते आणि पूर्ण गुण घेऊन जाते. त्याऐवजी ०.५, ०.६२, ०.६०९, ०.४७ द्या. उत्तर ०.६२. ज्याने ०.६०९ निवडले ते ६०९ ला ६२ पेक्षा मोठे समजते. ज्याने ०.५ निवडले ते कमी अंकांना मोठे समजते. चुकीचा पर्याय भरतीचा नसावा, त्याच्यामागे एखादी ठरावीक चूक असावी.

प्रश्न : प्रकल्प पालकच करतात. त्याला गुण कसे द्यायचे? (ठाणे)

थर्माकोलच्या किल्ल्याला देऊ नका. प्रकल्प वर्गात सुरू करा आणि वर्गातच संपवा. घरून फक्त माहिती आणू द्या. वीस गुण असतील तर माहिती कुठून व कशी मिळवली याला ५, तिची मांडणी (तक्ता, आलेख, नकाशा) ५, त्यातून काढलेल्या निष्कर्षाला ५ आणि तोंडी प्रश्नांना ५. हा रुब्रिक, म्हणजे गुणदानाच्या निकषांचा तक्ता, काम सुरू होण्याआधी मुलांच्या हाती द्या. सजावटीला एकही गुण नाही हे त्यातच लिहा, म्हणजे पालकांचा उत्साह आपोआप ओसरतो.

प्रश्न : पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, राष्ट्रीय सर्वेक्षण, असर, शिष्यवृत्ती... इतक्या चाचण्या कशासाठी? एक नाही का चालणार? (एक मुख्याध्यापक, छत्रपती संभाजीनगर जिल्हा)

नाही चालणार, कारण प्रत्येकीचा गिऱ्हाईक वेगळा. वर्षारंभीची पायाभूत चाचणी वर्गशिक्षकासाठी: मूल मागच्या इयत्तेचे काय घेऊन आले आहे ते पाहून पुढचे नियोजन करायचे. तिचे गुण प्रगतिपुस्तकात जाऊ नयेत.

१२ नोव्हेंबर २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी झाले. ४ डिसेंबर २०२४ चे परख राष्ट्रीय सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीसाठी. ही नमुना सर्वेक्षणे आहेत. जिल्हा आणि राज्य कुठे आहे हे त्यांतून कळते. तुमच्या वर्गातली एखादी मुलगी कुठे आहे हे नाही. म्हणूनच त्या आधी महिनाभर मुलांकडून नमुना प्रश्न घोटून घेणे निरर्थक. ताप मोजण्याआधी तापमापक बर्फात बुडवण्यासारखे ते आहे.

'असर' प्रथम संस्थेचा, २००५ पासूनचा, ग्रामीण भागातला आणि घरी जाऊन एकेका मुलाशी बोलून केलेला. त्यात अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा वाचनाच्या पायऱ्या आहेत. गणितात अंकओळख, हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. मुलाला गुण नाहीत, त्याची पायरी नोंदतात. हे तंत्र वर्गात वापरण्याजोगे आहे: एका मुलाला काही मिनिटे लागतात.

शिष्यवृत्ती ही निवड परीक्षा. ती मुलांना वर-खाली लावण्यासाठीच बनवलेली असते, त्यामुळे शिष्यवृत्तीत किती मुले आली यावरून शाळा मोजणे चूक. तरी फलकावर तीच नावे झळकतात.

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे. वार्षिक परीक्षेत नापास झाली तर खरेच त्याच वर्गात ठेवतात का? (अमरावती)

हो, पण लगेच नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मूल त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे ठरवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून ही परीक्षा सुरू झाली. प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. पाचवीला ५० पैकी १८, आठवीला ६० पैकी २१. अनुत्तीर्ण झाल्यास जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा. तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहते. शाळेतून मात्र काढता येत नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत तसे करण्यास कायद्याने मनाई आहे. पहिल्या सत्रात ड किंवा इ असलेला विषय आत्ताच शिक्षकांना विचारा. मे महिन्यापर्यंत थांबू नका.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये असतो. मुलगी इयर सिक्समध्ये होती, गणिताच्या सॅट्समध्ये (इथल्या राष्ट्रीय चाचण्यांमध्ये) ९८ आले. ९८ टक्के म्हणून भारतात पेढे वाटले. शाळा म्हणते, अपेक्षित पातळी गाठली नाही! (एक वाचक, लेस्टर)

शाळा बरोबर आहे. तो स्केल्ड स्कोअर, टक्केवारी नव्हे. मोजपट्टी ८० ते १२० अशी आहे आणि अपेक्षित पातळी १०० ला. गणिताचे तीन पेपर मिळून कच्चे गुण ११० असतात. त्या वर्षीचा पेपर किती अवघड होता ते पाहून त्यांचे रूपांतर करतात, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या निकालांची तुलना करता येते. ९८ म्हणजे उंबरठ्याच्या जरासे अलीकडे. त्यावर कोणी वर्ग अडवत नाही, ती इयर सेव्हनमध्ये जाणारच. शाळेकडून तिचे तिन्ही पेपरांचे वेगवेगळे गुण मागून घ्या. पहिला पेपर निव्वळ आकडेमोडीचा, ४० गुणांचा. उरलेले दोन तर्काचे, प्रत्येकी ३५ चे. पहिल्यात गुण गेले असतील तर सरावाने भरून निघेल. पुढच्या दोनांत गेले असतील तर शाब्दिक उदाहरणे तिला वाचून समजतात का ते पाहा. तेच उदाहरण मराठीतून सांगून ती सोडवते का, हे घरी तपासता येईल.